पिस्तूल एक, मुठी दोन

वाचकाचं पत्र: आम्ही नवरा-बायको मुलुंडला राहतो. सहा महिने झाले, दर रविवारी दादरच्या रेंजवर क्लबच्या एअर पिस्तुलाने १० मीटर नेमबाजी शिकतोय. आता स्वतःचं घ्यावंसं वाटतं, पण बजेट एकाचंच आहे. माझा पंजा मोठा आहे. हिचा लहान, त्यात ही डावखुरी. दुकानदार म्हणतो, "मीडियम मूठ घ्या, दोघांनाही चालेल." ओळखीतून एक वापरलेलं पिस्तूल मिळतंय, त्याच्या हवेच्या सिलिंडरवर २०१७ कोरलंय. आमचे मामा म्हणतात, एवढे पैसे घालताच आहात तर लायसन्स काढून खरं पिस्तूल घ्या, घराच्या रक्षणालाही होईल. काय करावं?

उत्तर:

मामांचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो वाटतो तेवढा सोपा नाही. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगायला शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो आणि मुंबईत तो पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो. अर्ज, पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण, घरात ते सुरक्षित ठेवण्याची हमी आणि या सगळ्याच्या वर 'तुम्हाला शस्त्राची गरज का आहे' याचं पटणारं कारण. शिवाय परवाना माणसाच्या नावावर असतो. तुमच्या परवान्यावरचं शस्त्र घरात आहे म्हणून ते वापरण्याचा हक्क बायकोला आपोआप मिळत नाही. म्हणजे 'दोघांत एक' ही कल्पना तिथे पहिल्याच पायरीवर अडते. ९ मिमीसारखे बोअर, म्हणजे नळीच्या आतले व्यास, प्रतिबंधित यादीत असल्यामुळे सर्वसामान्य अर्जदाराच्या वाट्याला येतं ते बहुधा .३२ चं. त्याने रविवारची हौस भागणार नाही. कागदी लक्ष्यावर दहाचं वर्तुळ शोधायचं असेल, तर ते हत्यार त्या कामाचं नाही.

एअर पिस्तुलाचं तसं नाही. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर हत्याराला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे ते या मर्यादेच्या पुष्कळ आत बसतं. दुकानात ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतील, तो द्या आणि पावती जपून ठेवा. याने घराचं रक्षण होणार नाही, हेही मामांना सांगून टाका. अंधारात चोरावर रोखलं, तर त्याला ते खरंच वाटेल आणि त्याच्याकडे खरं असलं तर पुढचं तुम्हाला सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. एक पिस्तूल दोघांना नीट चालेल. एक मूठ चालणार नाही. दुकानदाराचा 'मीडियम'चा सल्ला इथेच फसतो.

मूठ सैल असली की माणूस नकळत बोटं आवळतो. ट्रिगर ओढताना तर्जनीबरोबर बाकीची तीन बोटंही आवळली जातात, नळीचं तोंड खाली जातं आणि उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली डावीकडे जमतात. डावखुऱ्याच्या खाली उजवीकडे. मूठ घट्ट असेल तर उलटा त्रास: तर्जनी ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही किंवा पोचताना मुठीच्या बाजूला घासते, आणि प्रत्येक शॉटला पिस्तूल जरासं बाजूला ढकललं जातं. दोघांना 'चालणारी' मीडियम मूठ मोठ्या पंज्याला घट्ट आणि लहान पंज्याला सैल बसणार. मग सहा महिने तुम्ही एकमेकांना 'ट्रिगर झटकतोस' म्हणून बोलत बसाल आणि दोष असेल लाकडाचा. त्यात तुमच्या घरी एक उजवा, एक डावा. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ हाताच्या आकारात कोरलेली असते, त्यामुळे उजवी मूठ डाव्या हातात नुसती अडचण करते.

म्हणून पिस्तूल निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: याची मूठ सुटी काढता येते का आणि हिच्यासाठी डावी, लहान किंवा अतिलहान मूठ वेगळी मिळते का? स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ या स्पर्धेच्या पिस्तुलांच्या मुठी वेगवेगळ्या मापांत आणि डाव्या-उजव्या अशा वेगळ्या मिळतात. बहुतेकांची मूठ एका बोल्टवर बसलेली असते आणि अ‍ॅलन कीने दोन मिनिटांत निघते. डावी मूठ बहुधा मागवावी लागते, दुकानात पडून नसते. तेव्हा पिस्तुलाबरोबरच तिचीही ऑर्डर लिहून घ्या. "नंतर बघू" म्हटलं की ती वर्षभर येत नाही आणि तोवर बायको उजव्या हाताने मारायला लागते.

माप असं घ्या. पंजा कागदावर पालथा ठेवून पेन्सिलीने कड गिरवा, मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर आणि बोटांच्या बुंध्यापाशी तळव्याची रुंदी मोजा. मग त्या कंपनीच्या मापाच्या तक्त्याशी ताडा, कारण एका कंपनीचं 'एस' हे दुसरीचं 'एम' असू शकतं. दोन मापांच्या मध्ये हात पडत असेल तर लहान मूठ घ्या. लाकूड कानशीने घासून कमी करता येतं आणि कमी पडलं तर एपॉक्सी पुट्टीने भरता येतं. पुट्टी ओली असताना हातावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून नेहमीसारखी पकड घ्या, ठसा उमटतो. मोठी मूठ मात्र आतून भरत नेली की बोटांच्या खाचा चुकीच्या जागी राहतात.

बसते की नाही हे कळायची एक साधी चाचणी आहे. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, मोकळ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा, डोळे मिटा आणि नेहमीसारखा हात उचला. दोन श्वास थांबून डोळे उघडा. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा पुढचा साइट, मागच्या खाचेत मधोमध आणि वरच्या कडेला समांतर दिसली पाहिजे. दहापैकी आठ वेळा ती एकाच बाजूला सरकलेली दिसली, तर मनगट वाकवून ती मध्ये आणू नका. मुठीचा कोन बदला. वरच्या मॉडेलांमध्ये मूठ थोडी फिरवता-तिरकी करता येते. तळव्याखालचा आधार, ज्याला पाम शेल्फ म्हणतात, तो हाताच्या कडेला नुसता टेकला पाहिजे. तो करकचून आवळला की पंधराव्या शॉटला हात बधिरतो. बायकोला ही चाचणी डाव्या मुठीवरच करू द्या.

तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहा: छर्रा घालायचा लिव्हर कुठे उघडतो. डावखुरा नेमबाज छर्रा उजव्या हाताने घालतो. लिव्हर अडचणीच्या बाजूला असला, तर दर शॉटला हातातली पकड मोडावी लागते. साठ शॉट म्हणजे साठ वेळा. दुकानात ते एकदा तरी करून बघायला लावा. तिचा डावा डोळाच प्रबळ आहे का, हेही तपासून घ्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून हात लांब करा, दोन्ही तळव्यांत छोटी फट ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ फटीत टिकतं तो प्रबळ.

वजनाबद्दल थोडक्यात. नियमाप्रमाणे पिस्तूल १,५०० ग्रॅमपर्यंत चालतं, पण बाजारातली बरीचशी किलोच्या आसपास असतात. जो कमी पेलतो त्याच्या हिशेबाने हलकं निवडा. मोठ्या हाताला जास्त वजन हवंसं वाटलं, तर नळीखाली छोटी वजनं लावता येतात. जड पिस्तुलातून वजन काढायला जागाच नसते. काही कंपन्या आखूड नळीचंही मॉडेल बनवतात, ते बायकोच्या हातात घेऊन पाहा.

ट्रिगरची ओढ, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, दोघांसाठी एकच ठेवा. स्पर्धेत किमान ५०० ग्रॅम लागते आणि तपासणीला ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून नळी उभी धरतात. वजन उचललं गेलं पाहिजे. बरोबर ५०० वर लावलं की तपासणीच्या दिवशी दगा देतं, म्हणून ५१० ते ५२० वर ठेवा. पुढे-मागे सरकवायची असते ती ट्रिगरची पट्टी: बायकोला जवळ, तुम्हाला लांब. पट्टी सरकते त्या रुळावर दोघांची जागा बारीक मार्करने खूण करून ठेवा, नाहीतर दर वेळी अंदाजपंचे दाहोदरसे.

साइटचं काम जरा किचकट आहे. लांब हाताच्या माणसाला माशी डोळ्यापासून दूर पडते, म्हणून बारीक दिसते. त्यामुळे खाचेची रुंदी दोघांना वेगळी लागू शकते आणि दोघांचा झीरोही, म्हणजे छर्रा नेमावरच लागेल अशी साइटची जुळणी, वेगळा येतो. एक छोटी वही पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. "हिच्यावरून माझ्यावर: वर ४, उजवीकडे ६" एवढं लिहिलं तरी पुरतं. (आकडे साइटच्या स्क्रूच्या क्लिकचे आणि उदाहरणादाखल, तुमचे तुम्ही काढा.) स्क्रूच्या आट्यांत थोडी ढिलाई असते, म्हणून शेवटचे दोन क्लिक नेहमी एकाच दिशेने फिरवून थांबा. खाली उतरायचं असेल तर दोन जास्त उतरून मग दोन वर या. आणि मूठ बदलल्यावर पहिले पाच शॉट मोजू नका. बोल्ट दर वेळी सारख्याच जोराने आवळला नसेल, तर ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सरकलेला दिसतो आणि माणूस उगाच साइट फिरवत बसतो.

आता हिशेब. स्पर्धेत ६० शॉट असतात. २०१८ पासून पुरुष-महिला दोघांनाही तेवढेच, आधी महिलांना ४० होते. सराव म्हणून वीस-एक शॉट जास्तीचे धरले, तर एकाचे ८० आणि दोघांचे १६०. आठवड्यात तीन वेळा गेलात तर ४८०, म्हणजे ५०० छर्ऱ्यांचा एक डबा. कॉम्प्रेस्ड एअरच्या पिस्तुलाचं सिलिंडर २०० बार दाबाला भरलं की साधारण दीडशे ते दोनशे शॉट देतं. थोडक्यात, दोघं मिळून एका बैठकीत एक सिलिंडर रिकामं करणार. बऱ्याच पिस्तुलांबरोबर दोन सिलिंडर येतात. एक रेंजवर भरायला सोडा, दुसरं लावा. दाबाची सुई खालच्या भागात गेली की वेग घटतो आणि शॉट खाली जायला लागतात. बऱ्याच जणांना तेव्हा वाटतं की हात थकला.

हवा भरताना सावकाश भरा. झपाट्याने भरलं की हवा तापते, गेज २०० दाखवतं आणि गार झाल्यावर दाब उतरतो. हातपंपाने भरता येतं, पण जुलैतल्या मुंबईत हवेतली वाफ सगळी त्या सिलिंडरात जाते. आत गंज चढतो, वॉशर जातात. रेंजच्या कोरड्या हवेच्या टाकीवरून भरलेलं बरं. आणि कुणी कितीही सांगितलं तरी वेल्डिंगवाल्याचा किंवा दवाखान्याचा ऑक्सिजन भरायचा नाही. तेलाच्या थेंबाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला की स्फोट होतो.

मुंबईचा पावसाळा पिस्तुलाला बाहेरूनही छळतो. पेटीतला फोम ओल धरून ठेवतो, म्हणून जून ते सप्टेंबर पिस्तूल पेटीत बंद करून ठेवू नका. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर कुलपाच्या कपाटात ठेवा आणि पुड्या महिन्याने बदला किंवा तापवून वाळवा. घाम खारट, त्यात तुमच्यासारखे दोन हात. रेंजवरून आल्यावर धातूवरून हलका तेलाचा बोळा फिरवा, पण नळीच्या आत तेल घालू नका. नळीतून फेल्टच्या सफाईगोळ्या सोडल्या की भागतं. लाकडी मूठ ओल खाऊन फुगते. पावसाळ्यात घट्ट वाटली म्हणून लगेच कानस लावू नका, नोव्हेंबरात ती सैल पडेल. आणि छर्रे शिशाचे असतात. हात साबणाने धुतल्याशिवाय रेंजबाहेरच्या वडापावला हात लावू नका.

प्रवासात पिस्तूल कुलूपबंद टणक पेटीत, सिलिंडर वेगळं काढून, नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घालून न्या. सोबत पावतीची प्रत आणि क्लबचं कार्ड असू द्या. मेट्रोच्या बॅगतपासणीत ही पेटी अडणार, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. रेंजवर लॉकर मिळत असेल, तर भाडं भरा आणि लोकलच्या गर्दीतून पेटी वाहण्याचा व्याप टाळा. घरी कोरडा सराव करायचा तो कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, छर्रा न घालता. खिडकीकडे तोंड करून नाही. समोरच्या इमारतीतल्या काकूंना तुमचं पिस्तूल हवेचं आहे हे माहीत नसतं.

स्पर्धेत मात्र एका पिस्तुलाने अडचण होऊ शकते. दोघांनी राज्य स्पर्धेत नाव घातलं तर प्रवेश अर्जाबरोबरच वेगवेगळी डिटेल, म्हणजे मॅचची पाळी, मागून घ्या, नाहीतर दोघांची वेळ एकच येईल. प्रत्येकी १५ मिनिटं तयारीची आणि ७५ मिनिटं मॅचची, मध्ये मूठ बदलायला आणि साइट फिरवायला वेळ ठेवा. पण मिश्र जोडी हा प्रकार, ज्यात मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य घेतलं, त्यात स्त्री आणि पुरुष एकाच वेळी शेजारी उभे राहून मारतात. जोडीने उतरायची हौस असणारच तुम्हाला. त्या दिवशी क्लबचं पिस्तूल एकाला मागावं लागेल आणि ते सरावाचं नसेल. याच मनू भाकरला २०२१ मध्ये टोकियोत पिस्तूल बिघडल्यामुळे ऐन मॅचमध्ये वेळ गमवावा लागला होता. एकच पिस्तूल असलेल्या घरात बिघाड झाला की दोघंही घरी बसतात. दीड-दोन वर्षांत दुसरं घ्यायचं असं आत्ताच धरून चाला आणि तेव्हा त्याच कंपनीचं घ्या, म्हणजे मुठी आणि सिलिंडर अदलाबदल करता येतील.

राहिलं ते वापरलेलं पिस्तूल. सिलिंडरचं आयुष्य बनवल्यापासून १० वर्षांचं धरतात, त्यामुळे २०१७ चं सिलिंडर २०२७ पर्यंतचंच. त्यानंतर स्पर्धेच्या तपासणीत ते अडकेल आणि भरून देणाराही नकार देईल. नव्या सिलिंडराची किंमत आधी विचारा आणि ती मागितलेल्या रकमेतून वजा करून बोला. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींवरची तारीख वाचा, कारण बऱ्याचदा दाखवतात नवं आणि देतात जुनं. भरलेलं सिलिंडर लावून गेज बघा, रात्रभर तसंच ठेवायला सांगा आणि सकाळी पुन्हा बघा. सुई ठळक उतरली असेल तर वॉशर गेलेत. ते फार मोठं काम नाही, पण भाव पाडायला पुरेसं आहे. मग रेंजवर नेऊन टेकूवर ठेवून दहा-दहा छर्ऱ्यांचे तीन ग्रुप मारा. भोकं एकमेकांत मिसळून एकच फाटकं भोक दिसलं तर नळी ठीक. आणि त्या मॉडेलची डावी, लहान मूठ अजून मिळते का, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या विक्रेत्याकडून लिहून घ्या. मिळत नसेल, तर ते पिस्तूल कितीही स्वस्त असलं तरी तुमच्या एकट्याचंच होणार.